बेकरीत कोंडा, चोथा, पेंड आणि पनीरचं पाणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरी बेकिंग करणाऱ्या ताया, गल्लीतले भट्टीवाले, बचत गटातल्या बायका आणि नुकतंच "हेल्दी बेकरी" काढायचं मनावर घेतलेली पोरं यांच्याकडून तेच तेच प्रश्न येत राहतात, म्हणून एकदा बसून सगळं लिहून काढलं. उत्तरं लांब आहेत काही, पण प्रत्येक प्रश्न सुटा वाचला तरी कळेल असं बघितलंय. जिथं दुसऱ्या उत्तराशी संबंध आहे तिथं नंबर दिलाय.

१. बायप्रॉडक्ट म्हंजे नक्की काय ओ? उरलंसुरलं, शिळं तेच ना?

नाही. शिळं म्हंजे खायला केलं आणि विकलं नाही ते (त्याचं वेगळं प्रकरण आहे, प्र. १४ बघा). बायप्रॉडक्ट म्हंजे मुख्य माल काढताना बाजूला पडतं ते. गव्हाचा मैदा काढला की कोंडा उरतो, शेंगदाण्याचं तेल काढलं की पेंड, दुधाचं पनीर केलं की हिरवट पाणी, सोयाबीनचं दूध काढलं की चोथा. हे त्याच दिवशीचं ताजं असतं आणि बऱ्याच वेळा पोषण मुख्य मालापेक्षा ह्यातच जास्त राहिलेलं असतं. फायबर, प्रथिनं, खनिजं, सगळं. आपण पांढरं पांढरं खातो आणि चांगलं म्हशीला घालतो, असला उलटा कारभार आहे.

पण म्हशीला घालायचं आहे म्हटल्यावर ते पोत्यात कसंही भरतात, ओलं राहतं, उंदीर फिरतात. त्यामुळं "हे हेल्दी आहे का" ह्याच्या आधी "हे बाहेर पडल्यापासून माणसाच्या खाण्यासारखं सांभाळलंय का" हा प्रश्न विचारायचा. खालची बहुतेक उत्तरं फिरून इथंच येतात.

२. कोल्हापुरात ह्यातलं काय काय सहज मिळतं?

गव्हाचा कोंडा सगळ्यात सोपा, फ्लोअर मिलचा पॅकबंद मिळतो किंवा घरच्या कणकेचा चाळून निघतो तो. पनीर आणि चक्क्याचं पाणी तर ह्या दुधाच्या जिल्ह्यात कुठल्याही डेअरीत, श्रीखंडवाल्याकडं आणि आपल्या स्वैपाकघरात. लाकडी घाण्याची शेंगदाणा पेंड घाणेवाल्याकडं. तांदळाचा कोंडा आजरा, चंदगड, गडहिंग्लजकडच्या भात गिरण्यांवर, आजरा घनसाळ तांदळाला तर २०१६ ला जीआय म्हंजे भौगोलिक मानांकन मिळालंय, त्याच्या कण्या पण मिळतात. चंदगड-आजऱ्याकडं काजूचं बोंड. गाजर-बीटचा चोथा ज्यूस सेंटरवाल्याकडं. डाळ मिलची चुणी, म्हंजे डाळ भरडताना पडणारा टरफल-तुकड्यांचा चुरा. आणि ऊस, त्याचं प्र. १० मध्ये बोलू कारण सगळ्यात जास्त प्रश्न त्याचे आणि सगळ्यात छोटं उत्तर पण त्याचंच.

पहिल्यांदाच करत असाल तर पनीरचं पाणी आणि गव्हाचा कोंडा ह्या दोनवरच हात बसवा, बाकीचं नंतर.

३. पशुखाद्याच्या दुकानात पेंड आणि भुसा स्वस्त मिळतो, तोच चाळून वापरला तर?

नका वापरू. चाळून खडे आणि काड्या निघतात, बुरशीचं विष निघत नाही, कीटकनाशक निघत नाही आणि उंदराचं मूत तर नाहीच नाही. जनावरांच्या मालात युरिया, मीठ, खनिज मिश्रण मिसळलेलं असू शकतं. शिवाय तेलाच्या मोठ्या कारखान्यातली पेंड हेक्झेन नावाच्या सॉल्व्हंटनं तेल काढून घेतलेली असते, त्यातली खाण्यायोग्य ग्रेड वेगळी बनवतात आणि तशी लिहून विकतात. पिशवीवर "पशुखाद्य" लिहिलंय म्हंजे विषय संपला.

घ्यायचं असेल तर जिथं माल निघतो तिथं जाऊन, गिरणीवाल्या दादांना किंवा घाणेवाल्या मामांना सांगून, स्वच्छ डब्यात, आपल्या डोळ्यासमोर पडलेलं घ्या. ते हसतील पहिल्यांदा. हसू देत.

४. गव्हाचा कोंडा घातला की ब्रेड दगड होतो. किती घालायचा आणि कसा?

दोन कारणं असतात. एक, कोंड्याच्या धारदार कपच्या मैद्यातल्या ग्लुटेनची जाळी कापतात, मग गॅस धरून राहत नाही. दोन, कोंडा पाणी पितो पण हळूहळू पितो, म्हंजे मळताना पीठ बरोबर वाटतं आणि अर्ध्या तासानं घट्ट होऊन बसतं.

उपाय असा: १ किलो पिठात १०० ग्रॅम कोंडा (म्हंजे ९०० मैदा, १०० कोंडा) इथून सुरुवात करा. कोंडा आधी कढईत मंद आचेवर खमंग भाजा, मग साधारण दीडपट कोमट पाण्यात किंवा पनीरच्या पाण्यात कमीत कमी अर्धा तास भिजवा, हे पाणी रेसिपीतल्या एकूण पाण्यातूनच घ्यायचं पण शेवटी ६०-८० मिली पाणी नेहमीपेक्षा जास्तच लागेल, ते घाबरून मैदा घालून घट्ट करू नका. बारीक दळलेला कोंडा दिसायला चांगला पण पाणी पटकन ओढतो, जाड कोंडा चावायला मजा देतो, मला मध्यम आवडतो.

खारीत कोंडा घालायच्या भानगडीत मी पडत नाही, पदर सुटत नाहीत. नानकटाई आणि बिस्किटात मात्र २० टक्क्यांपर्यंत आरामात जातो कारण तिथं जाळी लागतच नाही, उलट खुसखुशीतपणा वाढतो. टोस्ट तर कोंड्यासाठीच जन्माला आलाय.

५. मिसळीबरोबर असला ब्रेड दिला तर गिऱ्हाईक ओरडणार नाही का?

आपल्याकडं मिसळीला स्लाईस ब्रेड, आणि तो कटात बुडवला की चिंब व्हायला पाहिजे ही अपेक्षा. १० टक्के कोंड्याचा ब्रेड कट चांगला ओढतो आणि हातात तुटत नाही, हा फायदाच. २० टक्क्यांच्या वर गेलात तर चव तुरट होऊन रश्श्याशी भांडते. सुरुवातीला न सांगता देऊ नका, बोर्डवर लिहा, "कोंड्याचा ब्रेड" म्हणून, ज्याला साधा पाहिजे तो मागेल.

६. पनीरचं पाणी पिठात घातलं तर खरंच फरक पडतो का, का नुसतं समाधान?

पडतो, आणि मला विचाराल तर ह्या सगळ्या यादीतलं सगळ्यात भारी बायप्रॉडक्ट हेच. १ लिटर दुधाच्या पनीरमागं साधारण ८०० मिली पाणी निघतं, त्यात साडेचार-पाच टक्के दुधाची साखर म्हंजे लॅक्टोज, अर्ध्या टक्क्याच्या आसपास प्रथिनं, कॅल्शियम आणि थोडी आंबट चव. प्रथिनं फार नाहीत हे लक्षात ठेवा, "व्हे प्रोटीन" म्हणून डब्यात विकतात ते असल्याच पाण्यापासून (व्हे म्हंजे हेच पाणी, तिकडं मुख्यतः चीजचं) काढतात पण कितीतरी पटीनं आटवून आणि गाळून, त्यामुळं "प्रोटीन पाव" वगैरे बोर्ड लावू नका.

खरी मजा रंगाची आणि वासाची आहे. बेकरीचं यीस्ट लॅक्टोज खाऊ शकत नाही, त्यामुळं ती साखर पिठात तशीच राहते आणि भट्टीत प्रथिनांबरोबर मिळून पावाला लाल-तपकिरी रंग, दुधाळ वास देते. म्हणून सगळं पाणी बदलून हेच घातलं तरी चालतं, फक्त भट्टी नेहमीपेक्षा १० अंशानं कमी ठेवा, नाहीतर वरून करपेल आणि आत कच्चं. आंबटपणामुळं पाव थोडा जास्त टिकतो, विशेषतः उन्हाळ्यात (दोरी सुटण्याच्या रोगाबद्दल प्र. १४).

न तापवलेल्या दुधाच्या व्हेनं पीठ सैल पडतं आणि पाव कमी फुगतो, हे बऱ्याच बेकरीवाल्यांना माहीत असतं म्हणून ते नको म्हणतात. पण आपलं पनीर उकळत्या दुधाचं असतं, चक्का पण तापवलेल्या दुधाच्या दह्याचा, त्यामुळं ही अडचण बहुतेक येत नाही. शंका असेल तर एक उकळी काढून गार करून वापरा.

केकमध्ये किंवा सोड्याच्या बिस्किटात घालताना मात्र हे आम्ल आहे हे विसरू नका, ते सोड्याशी लगेच फसफसतं, म्हणून मिश्रण करून ठेवू नका, लगेच भट्टीत. चक्क्याचं पाणी पनीरपेक्षा जास्त आंबट, ते अर्धं पाणी अर्धं हे असं घ्या. मीठ घातलेलं असेल तर रेसिपीतलं मीठ कमी करा, हे सांगायला नको पण लोक विसरतात.

आणि एक, हे पाणी गटारीत ओतलं की पुढं ओढ्यात आणि नदीत जाऊन पाण्यातला ऑक्सिजन खाऊन टाकतं, माशांचं मरण. पंचगंगेला आधीच काय कमी ताप आहे.

७. तांदळाचा कोंडा आणला, दुसऱ्या दिवशी कडू. गिरणीवाल्यानं जुना दिला का?

बहुतेक नाही, तांदळाच्या कोंड्याचा स्वभावच तसा आहे. त्यात जवळजवळ २० टक्के तेल असतं आणि ते तेल तोडणारं लायपेज नावाचं एन्झाइम पण असतं. अख्ख्या दाण्यात दोघं वेगळे राहतात, पॉलिश करताना एकत्र येतात आणि काही तासांतच खवट व्हायला सुरुवात. म्हणून गिरणीतून आणला की त्याच दिवशी पातळ थर करून सतत हलवत चांगला कडक गरम होईपर्यंत भाजा, साधारण १०-१५ मिनिटं, गार करा, हवाबंद करून फ्रीजरमध्ये. उकड्या तांदळाच्या कोंड्यात एन्झाइम आधीच शिजून मेलेलं असतं, तो जास्त टिकतो.

जुन्या हलर गिरणीवर तूस आणि कोंडा एकत्रच पडतो. तूस म्हंजे वरचं फोल, त्यात सिलिका, ते माणसानं खायचं नाही. आधी तूस वेगळं करून मग पॉलिश करणारी गिरणी असेल तरच कोंडा घ्या. प्रमाण ५ ते १० टक्के, त्याच्या वर ब्रेडला मातकट चव येते. तांदळातलं आर्सेनिक कोंड्यात जास्त साठतं, त्यामुळं लहान बाळांच्या बिस्किटात हा अजिबात नको.

८. घाण्यावरची शेंगदाणा पेंड आम्ही लहानपणी गुळाबरोबर खायचो. बिस्किटात का नको म्हणता?

नको म्हणत नाही, जपून म्हणतो. पेंडीत ४० टक्क्यांच्या वर प्रथिनं, वास तर असला की नानकटाईत घातली की शेजारीण विचारायला येते. घाण्याच्या पेंडीत तेलही बरंच राहतं म्हणून तूप थोडं कमी करता येतं.

भीती आहे अफ्लाटॉक्सिनची. ओल्या, फुटक्या, नीट न वाळलेल्या शेंगांवर अ‍ॅस्परजिलस बुरशी येते आणि ती हे विष सोडते. तेल काढल्यावर ह्यातलं बरंचसं पेंडीतच राहतं. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाच्या वर टर्की कोंबड्या पटापट मेल्या, कारण शोधता शोधता ब्राझीलहून आलेली शेंगदाणा पेंड सापडली आणि तिथनंच हे विष जगाला कळलं. यकृताच्या कॅन्सरशी त्याचा संबंध पक्का आहे. आणि सगळ्यात वाईट म्हंजे भट्टीच्या उष्णतेनं हे जात नाही, भाजून थोडं कमी होईल पण "१८० अंशावर भाजलंय की" हे उत्तर चालणार नाही.

म्हणून शेंगदाणा निवडून घेणारा घाणेवाला धरा. सुरकुतलेले, काळे, बुरशीचा डाग असलेले दाणे काढतो का बघा, स्वतःच निवडलेले दाणे देऊन तेल काढून घेतलं तर उत्तम, तेल पण तुमचं पेंड पण तुमची. पेंड त्याच दिवशी फोडून वाळवा. पावसाळ्यात घेऊ नका, आपल्याकडच्या जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत ठेवणंच अवघड. विकायला करणार असाल तर प्रत्येक लॉटची लॅबमध्ये तपासणी, ह्यात काटकसर नको. बिस्किटात पिठाच्या १०-१५ टक्के पुरते.

९. सोयामिल्कचा चोथा वापरता येतो का? घासासारखा वास येतो.

येतो. चोथ्यात पाणीच ८० टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणून रेसिपीतलं पाणी आधी अर्धं घालून मग अंदाज घ्या. सोयाबीन कच्चं वाटून गाळलेलं असेल तर चोथा १५-२० मिनिटं वाफवून घ्याच, कच्च्या सोयात प्रथिनं पचू न देणारे घटक असतात. वास पण त्यानं कमी होतो, उरलेला वास वेलदोडा आणि जायफळ झाकतात. केक, मफिन, मेथी-तिखट बिस्किटात चांगला, पावात मला नाही आवडत. बाहेर दोन-तीन तास राहिला तर आंबतो.

१०. उसाचं चिपाड दळून फायबर म्हणून? साखर कारखान्याची मळी (मोलॅसिस)?

दोन्ही नाही. चिपाड म्हंजे लाकडासारखाच प्रकार, घरच्या गिरणीवर दळून खाण्यासारखं होत नाही, आणि रसवंतीवरचं चिपाड तर दिवसभर माशांत पडलेलं. त्याची जागा चुलवाणात. कारखान्याची मळी डिस्टिलरीला आणि पशुखाद्याला जाते, तिच्यावर उत्पादन शुल्क खात्याचं नियंत्रण आहे, ती काही बेकरीचा कच्चा माल नाही.

तसा गडद, थोडा कडवट गोडवा पाहिजे असेल तर गुऱ्हाळावरची काकवी घ्या. ती बायप्रॉडक्ट नाही, गूळ व्हायच्या आधीचा पाक आहे, पण आल्याच्या केकमध्ये काय लागते राव. साखरच आहे ती पण, हे प्र. १३ ला परत येईल.

११. काजूचं बोंड आणि काजूची साल?

बोंडात क जीवनसत्त्व संत्र्यापेक्षा कितीतरी जास्त, पण भट्टीत त्यातलं बरंच जातं म्हणून त्याच्या नावावर बिस्किट विकू नका. बोंड झाडावरून पडलं की एका दिवसात आंबतं, रस काढून चोथा मिठाच्या पाण्यात वाफवला की घसा धरणारा तुरटपणा कमी होतो, मग वाळवून पीठ करा, कुकीजमध्ये ५-१० टक्के. मार्च ते मेचा खेळ आहे.

काजूच्या बाहेरच्या कडक टरफलाला हात लावू नका. त्यातल्या तेलानं कातडी भाजते, फोड येतात. आतली पातळ लाल साल त्याच टरफलाला लागून येते, वर टॅनिननं इतकी तुरट की घालण्यात अर्थ नाही.

१२. ज्यूस सेंटरचा चोथा, आंब्याच्या साली, कोयी?

गाजर-बीटचा चोथा छान, पण समोर धुवून काढलेला आणि तासाभरात घरी नेऊन फ्रीजमध्ये टाकलेला. केकमध्ये ओलाच घाला. आंब्याच्या सालीत फायबर चांगलं, पण फवारणीचं सगळं सालीवरच असतं, शिवाय चिकाची अ‍ॅलर्जी काहींना होते. खात्रीच्या बागेतला आंबा असेल तर करा. कोयीचा त्रास घरगुती पातळीवर घेण्यासारखा नाही.

१३. मग डायबेटीसवाल्यांना, लहान मुलांना, ग्लुटेन न चालणाऱ्यांना हे सगळं चालतं?

कोंडा घातला म्हणून नानकटाईतली साखर आणि तूप कुठं जात नाही. काकवी, गूळ पण साखरच. साखर वाढायचा वेग फायबरनं थोडा कमी होतो एवढंच, औषध म्हणून विकू नका. किडनीचा त्रास असलेल्यांनी कोंडा-पेंड डॉक्टरांना विचारूनच, फॉस्फरस जास्त असतो.

कोंड्यानं लोह शोषलं जात नाही असं विचारतात, ते अर्धं खरं, कोंड्यातलं फायटिक अ‍ॅसिड लोह आणि झिंक धरून ठेवतं. पीठ रात्रभर आंबवलं की ते बरंच मोडतं. तेव्हा झटपट यीस्टचा दोन तासांचा पाव करण्यापेक्षा थोडं यीस्ट, लांब आंबवण.

ग्लुटेनचं: गव्हाच्या कोंड्यात ग्लुटेन आहे. तांदळाच्या कोंड्यात नाही, पण त्याच चक्कीवर गहू दळला असेल तर आलंच. "ग्लुटेन फ्री" लिहायला किलोमागं २० मिलिग्रॅमच्या आत लागतं, घरच्या स्वैपाकघरात हा दावा करूच नये.

१४. न खपलेला पाव आणि खारीचा चुरा परत पिठात घालतात, ते योग्य का?

स्वच्छ, बुरशी नसलेला, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कडक वाळवून दळलेला चुरा ५ टक्क्यांपर्यंत ठीक, जगभर करतात. गिऱ्हाईकाच्या ताटातून परत आलेला मात्र कधीच नाही.

बुरशीचा तुकडा कापून बाकीचा वापरायचा नाही, धागे आत गेलेले असतात. आणि एप्रिल-मेमध्ये पाव फोडल्यावर आतून चिकट तार सुटली आणि जास्त पिकलेल्या फळासारखा गोड वास आला, तर तो बॅसिलस नावाच्या जिवाणूचा दोरी सुटण्याचा रोग, त्याचे बीजाणू भट्टीतूनही जिवंत निघतात. तो पाव सगळा टाका, टेबल-भांडी व्हिनेगरनं पुसा, चुरा तर अजिबात करू नका नाहीतर रोज नव्या पिठाला तुम्हीच बी पेरताय.

अजून एक अडचण: अंड्याच्या केकचा चुरा एगलेस बिस्किटात गेला तर हिरवा ठिपका खोटा ठरतो. चुऱ्याचे डबे वेगळे ठेवा.

१५. पाकिटावर "हाय फायबर" लिहू का? अजून काय लिहायला लागतं?

एफएसएसएआय म्हंजे अन्न सुरक्षेच्या केंद्रीय संस्थेच्या नियमात "फायबरचा स्रोत" म्हणायला १०० ग्रॅम मालात कमीत कमी ३ ग्रॅम फायबर लागतं, "हाय फायबर" म्हणायला ६ ग्रॅम. आता प्र. ४ चा ब्रेड घ्या: ९०० ग्रॅम मैद्यात साधारण २४ ग्रॅम, १०० ग्रॅम कोंड्यात ४३ च्या आसपास, मिळून ६७ ग्रॅम, आणि ब्रेड तयार होतो दीड किलोच्या वर. म्हंजे १०० ग्रॅममागं चार-सव्वाचार. स्रोत म्हणता येईल, हाय नाही. हाय गाठायचं तर कोंडा २० टक्क्यांकडं न्यायला लागतो आणि तो ब्रेड कसा लागतो ते प्र. ५ ला सांगितलंच. हा कागदावरचा हिशोब, छापायच्या आधी लॅबचा रिपोर्ट घ्या.

घटकांत "गव्हाचा कोंडा", "पनीरचं पाणी", "शेंगदाणा पेंड" असं सरळ नाव लिहा. गहू, दूध, शेंगदाणा, सोया, काजू हे सगळे अ‍ॅलर्जीच्या यादीत येतात, ते वेगळं ठळक लिहायला लागतं, अगदी चमचाभर घातलं तरी. पनीरचं पाणी घातलेला पाव "डेअरी फ्री" किंवा वीगन म्हणून देता येत नाही, आणि दूध न पचणाऱ्या माणसानं पाव घेताना विचारलं तर "पाणीच आहे ते" असं म्हणू नका, लॅक्टोज त्यातच असतं. रजिस्ट्रेशन किंवा लायसन्स घरून विकलं तरी लागतं.